करदोड्यातलं वळं

पोळ्याच्या दिवशी त्या चांदीच्या वळ्याला काय काय लागलं, ते ज्या क्रमानं लागलं त्याच क्रमानं.

टॉवेल

पाईप आला तो टॉवेलात गुंडाळून, यवतमाळहून, अंकुरच्या मोटरसायकलवर.

पाईप वामनराव वकिलांचा. घर किसनरावांचं, आर्णीच्या अलीकडे, समोर कपाशी आणि मागे तूर. दोघांची मैत्री इतकी जुनी की ती कशी जमली हे दोघंही वेगवेगळं सांगतात. दर पोळ्याला वकील गावी जेवायला येतात. त्यांच्याआधी त्यांचा पाईप येतो, कारण पाईपाच्या मानेवर, जिथं दांडी लाकडात शिरते तिथं, चांदीचं एक वळं आहे, आणि ते वळं किसनरावांच्या बायकोच्या, विमलताईंच्या हातानं उजळतं तसं कुणाच्या हातानं उजळत नाही. वकिलांनी एकदा यवतमाळच्या दुकानातून घासून आणलं होतं. विमलताईंनी बोट फिरवून विचारलं, "भाऊजी, घासणाऱ्याचा राग कोणावर होता?"

छातीचं ऑपरेशन झाल्यापासून वकिलांनी तंबाखू सोडली. पाईप सुटला नाही. पोळ्याला ते तो नुसता हातात धरतात. गावचे बैल तोरणाखाली रांगेत उभे राहिले की वकील किसनरावांच्या जोडीशेजारी उभे राहतात, हातात न पेटवलेला पाईप, आणि उन्हात वळं चमकतं. गावातल्या कितीक लोकांना वकिलांचं नाव ठाऊक नाही, ते वळं ठाऊक आहे.

या वर्षी दोन गोष्टी बदलल्या. विमलताईंचा मोतीबिंदू काढला. धूर नको, राख नको, मान खाली घालायची नाही. आणि वकील पुण्याला चालले, मुलाकडे, अनिमेषकडे, कायमचे. पाईप सोबत जाणार. म्हणजे या पोळ्याला वळं जसं होईल तसंच जाणार.

"मी करते," सून दिपाली, अंकुरची बायको, म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. विमलताईंना ते वळं घासताना ती लग्न होऊन आल्यापासून पाहत होती, आणि दर वेळी तिचे हात शिवशिवत.

विमलताईंनी काळा चष्मा तिच्या दिशेला वळवला.

"कर," त्या म्हणाल्या. "पण सारं पितळ आटपल्यावर. अन मले विचारून."

चिंच

पोळ्याची सकाळ. चुलीवर लोखंडी घमेलं, घमेल्यात चिंचेचं पाणी, पाण्यात बैलांचा साज: शिंगांच्या पितळी शेंब्या, घुंगरू, गळ्यातल्या घंटा. किसनरावांकडे बैलांची आता एकच जोडी आहे, बाकीचं काम ट्रॅक्टर करतो. साज मात्र जुन्या सगळ्या जोड्यांचा जपलेला, आणि पोळ्याला तो सगळाच उजळायचा, घालायला बैल असो नसो.

पितळ छान निघत होतं. हिरवट थर पाण्यात उतरत होता, खालून पिवळं वर येत होतं. दिपालीचा हात बसला. हात बसला की माणूस पुढचं काम आपणहून ओढून घेतो.

तिनं पाईप टॉवेलातून काढला. वळं काळपट झालं होतं. पुसून पाहावं म्हणून तिनं ते दोन बोटांत धरलं,

आणि ते फिरलं.

ओढलं तर निघालंच. लाकूड वर्षभर वकिलांच्या कपाटात सुकलं होतं, त्याची पकड गेली होती. आता तिच्या तळहातावर नुसतं वळं, अंगठ्यात बसेल एवढं. तिला वाटलं, बरंच झालं, लाकडाला पाणी लागायची भीती गेली. पितळेला चिंच चालते. चांदीला का नाही चालणार?

तिनं ते घमेल्यात टाकलं.

"झालं का वं?" ओसरीवरून विमलताईंचा आवाज. त्या बाजेवर बसल्या होत्या, चुलीच्या धुरापासून लांब.

"होतंय, आई."

झाऱ्यानं वळं बाहेर काढलं तेव्हा ते चांदीचं नव्हतं. लाल होतं. दुकानातून नुकत्याच आणलेल्या तांब्याच्या गडूसारखं लाल, आतून, बाहेरून, कडेनं. तिनं धुतलं. लाल. ओढणीनं पुसलं. लाल.

मग तिनं पाईप उचलला. वळं होतं त्या जागी लाकडात एक चीर होती, केसाएवढी. आजवर वळ्याखाली झाकलेली. तिनं दांडी जराशी हलवली. चीर उघडली. मिटली. उघडली.

वकील दुपारी येणार होते.

बोट

"आई, हात पुढं करा."

विमलताईंनी वळं अंगठ्यावर घेऊन फिरवलं. वळ्यावर एक वेल कोरलेली आहे, वेलीला कपाशीची बोंडं आहेत. ती वेल त्यांनी नखानं चाचपली, एका बोंडावरून दुसऱ्यावर, जपमाळ ओढल्यासारखी.

"काढलं कायले?"

"निघालं."

"निघते थे सारंच काढावं काय माणसानं?"

दिपालीनं पाईप बाजेवर ठेवला.

"आता सांग. दिसते कसं?"

"लाल झालंय. तांब्यासारखं."

विमलताईंचे ओठ हलले. दिपालीला वाटलं, या आता रडणार, आणि डॉक्टरनं तर रडायचं नाही म्हणून सांगितलंय. पण त्या हसत होत्या. डोळ्याला धक्का लागू नये म्हणून ओठ मिटून, नुसत्या पोटानं.

"लोखंडाच्या घमेल्यात टाकलं नं? पितळेसंगं?"

"हो."

"माह्या पहिल्या पोळ्याले पायातलं जोडवं मी असंच लाल केलतं. माही सासू म्हणे, करतच होती तं सोन्याचं काहून नाही केलं?"

"मग काय केलं तुम्ही?"

"रडली. मंग घासलं." त्यांनी वळं दिपालीच्या हातात परत दिलं. "आंबट पाण्यात पितळेतलं तांबं उतरते. लोखंडाच्या भांड्यात चांदी पडली का थे तांबं उठून चांदीवर जाऊन बसते. लय पातळ बसते, दुधावरच्या सायीवानी. थे निघीन. चिरीचं काय करतं?"

"आर्णीहून काही चिकटवायचं आणू? अंकुर जाऊन येईल."

"चिकटवलेलं पुन्हा उघडून पाहता येते काय? नको." मग अंगणाकडे तोंड करून: "अहो. या इकडं. तुमच्या करदोड्याचा तुकडा सुटला."

दिपालीला कळेना, करदोड्याचा इथं काय संबंध.

खूर

संबंध असा.

वकील पहिल्यांदा पोळ्याला आले तेव्हा तरुण होते आणि पाईप नवा होता. किसनराव बैलांच्या शिंगांना लाल रंग लावत होते, तसेच रंगल्या हातांनी ओसरीच्या पायरीवर बसले आणि सांगू लागले.

"साहेबाले वाटलं, बैलाच्या पाठीवर हात ठेवून फोटू काढावा. बैलाले धूर पटला नाही. बैलानं मान झटकली. पाईप खाली, त्याच्यावर खूर."

"बैल काही करत नाही म्हणून तुमीच सांगितलंतं," विमलताई.

"मी सांगितलंतं का बैल *माणसाले* काही करत नाही. पाईपाचं मी कुठं बोललो?"

लाकडाची मान तडकली. वकील म्हणाले, जाऊ द्या. किसनरावांनी जाऊ दिलं नाही. आपल्या दारात, आपल्या बैलाच्या खुराखाली, तेही पोळ्याला, पाहुण्याची वस्तू मोडली. त्यांनी कमरेचा चांदीचा करदोडा काढला, त्याचा तुकडा तोडला, आणि आर्णीच्या सोनाराकडून त्याचं वळं करून आणलं. वेल सोनारानं आपल्या मनानं कोरली. कपाशी पिकवणाऱ्याची चांदी आहे, म्हणाला, बोंडं घालतो.

तेव्हापासून किसनरावांचा करदोडा कमरेला पुरत नाही. उरलेल्या जागी सुतळी बांधलेली असते.

दिपालीनं ती सुतळी पाहिली होती. विहिरीवर सासरे आंघोळ करत तेव्हा दिसायची. तिला वाटायचं, म्हातारा चिक्कू आहे.

"मले नवा करदोडा घ्या म्हणते हे," किसनराव बायकोकडे हनुवटी उडवून म्हणाले. "जुना काय वाईट हाये? अर्धा मी घालतो, अर्धा वकील फुकते."

"आता फुकत नाही थे."

"तं धरते."

ओला कापूस

किसनरावांनी लाल वळं पाईपाच्या मानेवर सरकवलं. ते सैल, गोल फिरलं. त्यांनी ते काढून घेतलं.

"चाक सुकलं," ते म्हणाले.

"काय?"

"बंडीचं चाक पाहिलं का तू? लाकडी? तुह्या माहेरी, उमरखेडले, असंन नसंन."

"आमच्याकडे विमानं आहेत, बाबा."

किसनराव खूश झाले. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी पट्टी असते, त्यांनी सांगितलं, तिला धाव म्हणतात. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, आकसतं, धाव खुळखुळते. मग चाक नाल्यात नेऊन ठेवायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं.

"अन फुगल्यावर धाव चढत नाही," विमलताई म्हणाल्या.

"थंडी धाव चढली तं समज ढिली. नाही चढली तं बरोबर. मंग तापवायची." सोनारानं केलेलं वळं तेव्हाही असंच तंग झालं होतं. सोनार कापायला निघाला होता. गावात बंड्या करणारा देवराव सुतार होता, तो म्हणाला, कापू नको, हे बारीक चाकच हाये. त्यानंच चढवलं. देवराव आता नाही. बंड्यांना टायर आले.

दिपालीनं ओला कापूस पिळून पाईपाच्या मानेभोवती गुंडाळला, वरून दोरा. तुळशीजवळ सावलीत ठेवला. लाकूड पाणी पिऊ लागलं असावं. दिसत काही नव्हतं.

राख

तोवर राख. विमलताई बाजेवरून बोलत गेल्या, दिपाली करत गेली.

गोवरीची घे, लाकडाची नको. लाकडाच्या राखेत खर असते, ओरखडे पडते.

चाळ. पुन्हा चाळ, माह्या जुन्या मलमलीतून. तुह्या ओढणीतून नाही, थे जाडी हाये.

आता पाण्यात टाक अन ढवळ. थांब. जड थे खाली बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या वाटीत घे. खालचं फेकून दे.

फेकून दे म्हटलं. भांड्यायले पण ठेवू नको, मंग कोणती राख कोणती थे तू इसरतं.

वाटीतलं बसू दे. हात लावू नको.

आता वरचं पाणी काढ. खाली काय उरलं?

"साय," दिपाली म्हणाली.

"बोटात घे. काही लागते काय?"

तिनं चोळून पाहिलं. बोटांमध्ये काहीच नव्हतं. थंडावा होता, करडा रंग होता, कण नव्हता. घमेलंभर राखेतून निघालं होतं ते चमचाभरही नसेल. विमलताई दर पोळ्याला हे करत आल्या होत्या. चूल धगधगतेय, पुरणाची डाळ शिजतेय, अंगणात बैल, दारात पाहुणे, आणि या मधेच वाटीतलं पाणी स्थिर व्हायची वाट पाहत बसलेल्या. दिपालीनं त्यांना तसं बसलेलं पाहिलं होतं. तिला वाटायचं, दम खातात.

आग

ओला कापूस काढला. चीर मिटली होती. नखाला लागत होती, डोळ्याला दिसत नव्हती.

वळं लावून पाहिलं. टोकालाच अडलं.

"बरोबर," किसनराव म्हणाले.

त्यांनी मानेवर, वळ्याच्या जागेच्या जरा मागं, दोरा आवळून गुंडाळला, म्हणजे चढवताना चीर उघडायची नाही. तवा चुलीवर. वळं तव्यावर. चुलीपाशी दिपाली, पाईप धरून किसनराव, आणि ओसरीच्या पार टोकाला सरकून, धुराकडे पाठ करून, विमलताई.

"लाल होऊ देऊ नका," पाठ बोलली.

"ते आधीच लाल आहे, आई."

"लय बोलून राह्यली. पाण्याचा थेंब टाक. नाचते काय?"

"बसतोय नुसता."

"थांब मंग."

थेंब बसला, वाफ झाला. दुसरा बसला, वाफ झाला. पुढचा तव्यावर उडाला आणि गोळी होऊन पळाला.

"नाचला."

"घे," किसनराव म्हणाले, "सरळ. तिरपं गेलं तं अडकते. देवराव म्हणे, चाकाशी बोलायचं नाही, चाकाले पाह्यचं."

दिपालीनं चिमट्यानं वळं उचललं. सासऱ्यांच्या हातातला पाईप थरथरत होता. तिला त्यांच्या हाताची ती थरथर कधी दिसली नव्हती. तिनं डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. आजवर तिनं त्यांना पाया पडण्यापलीकडे कधी हात लावला नव्हता. थरथर अर्धी तिच्या हातात आली आणि तिथं थांबली.

वळं टोकावर.

सरळ.

गेलं.

लाकडाचा वास आला, आणि कितीतरी वर्षांपूर्वीच्या तंबाखूचा, गोडसर. किसनरावांनी ओल्या कापसाचा बोळा वळ्यावर टेकवला. चुर्र. एवढंच. नाल्याकाठी चाकांवर पाणी मारलं की गावभर ऐकू जायचं, त्याचा हा नातू.

दिपालीनं वळं फिरवून पाहिलं. फिरलं नाही. दांडी हलवली. चीर हलली नाही.

"चढली काय?" विमलताईंनी पाठमोरं विचारलं.

"चढली," किसनराव म्हणाले. मग ते उठले आणि बैलाचं दुसरं शिंग रंगवायला गेले, कारण एक रंगवून झालं होतं आणि बैल केव्हाचा तसाच उभा होता.

कापूस

हा कोरडा. घरच्या शेतातला, मागल्या हंगामातल्या पहिल्या वेच्याचा. सरकी हातानं काढलेली. गिरणीतून पिंजून आलेला कापूस विमलताई वळ्याला लावत नाहीत. म्हणतात, त्याची माया गेलेली असते. दिपालीला हे आजवर बोलणं वाटत होतं. तिनं दोन्ही कापूस बोटांत धरून पाहिले. हातानं सोललेला किंचित तेलकट होता, सरकीला आताच सोडून आल्यासारखा.

वळ्याच्या दोन्ही कडांना लाकडावर चिंधी आवळून बांधली. साय कापसावर. कापूस वळ्यावर. वेलीच्या दिशेनं, आडवा नाही.

"दाबू नको. कापसाले काम करू दे. तू नुसती त्याच्यासंगं जाय."

लाल फिकटलं. गुलाबी झालं. मग एका जागी, मसुराच्या दाण्याएवढं, पांढरं. चांदी. दिपालीच्या घशातून काहीतरी आवाज निघाला.

"दिसली नं," विमलताई म्हणाल्या. "मले बी दर साली तसंच होते."

त्या काय करतात ते दिपालीला आत्ता कळत होतं, ऐकून नव्हे, हात दुखायला लागल्यावर. घासणं हे त्यातलं थोडंसं होतं. बाकी सगळं थांबणं होतं. कापूस काळा झाला की बदलायचा, आणखी एक फेरा मारायचा मोह होतो तिथं मारायचा नाही. एका बाजूची चांदी निघाली की तिच्यावर पुन्हा जायचं नाही, कारण चांदी मऊ असते आणि प्रत्येक फेऱ्याला थोडी कापसासोबत जाते. इतके पोळे झाले आणि वेल अजून वळ्यावर होती. हे विमलताईंनी किती वेळा हात आवरला होता त्याचं फळ होतं. यवतमाळच्या दुकानानं एकदाच घासलं होतं, आणि त्या बाजूची दोन बोंडं अजून बुजल्यासारखी दिसतात.

लाल

उरलं ते खोबणीत उरलं.

वेलीचा वरचा भाग पांढरा लख्ख झाला. पण जिथं कोरलेलं होतं, आत, रेघांमध्ये, बोंडांच्या पाकळ्यांमध्ये, तिथं तांबं बसून राहिलं. दरवर्षी तिथं काळं असे. विमलताई ते काळं कधी काढत नसत; काळ्यामुळेच वेल उठून दिसे. आता तिथं लाल.

दिपालीनं काडीला कापूस गुंडाळला. साय घेतली. पहिल्या बोंडात टोक घातलं.

थांबली.

काडी आत फिरवायची तर कडा झिजणार होत्या. बोंडाची कडा गेली की बोंड गेलं. लाल पूर्ण काढता आलं असतं. मग वळं पुन्हा सगळं पांढरं, वकिलांना काही कळलं नसतं, आणि वेल बरीचशी गेली असती.

"आई, खोबणीत लाल राहिलंय. काढू?"

विमलताईंनी हात पुढं केला. पाईप घेतला, चष्म्याजवळ नेला, मग कंटाळून चष्म्यापासून दूर केला आणि बोटानं पाहिलं. एक फेरा. पुन्हा एक फेरा.

"मले इचारू नको," त्या म्हणाल्या. "लाल मले दिसत नाही. वेल हाताले लागते तेवढं सांगते."

"काकांनी विचारलं तर?"

"तं तू हाये नं इथं. कुठं जाऊन राह्यली?"

त्यांनी पाईप परत दिला.

अंगणात किसनराव बैलाच्या दुसऱ्या शिंगाच्या टोकाला रंगाचा शेवटचा हात देत होते. त्याच शिंगावर आता पितळी शेंबी चढणार होती. पिवळं, खाली लाल. दिपालीनं शिंगाकडे पाहिलं. वळ्याकडे पाहिलं.

तिनं काडी चुलीत टाकली.

श्वास

शेवटी हे. तोंड जवळ नेऊन हळूच श्वास सोडायचा. चांदीवर धुकं येतं. ते जायच्या आत तळहाताच्या उंचवट्यानं, अंगठ्याच्या मुळाशी असतो त्या मऊ भागानं, एकदाच.

एकदाच.

ऊन

वामनराव वकील आले तेव्हा बैल सजत होते. पांढरा शर्ट, काठी. घरात शिरायच्या आधी त्यांनी विमलताईंच्या बाजेपाशी जाऊन विचारपूस केली, "वहिनी, डोळा काय म्हणतो?"

"डोळा म्हणते, भाऊजी वाळले."

दिपालीनं पाईप पुढं केला. टॉवेलात नाही, हातावर.

वकिलांनी तो घेतला, सवयीनं अंगठा वळ्यावर ठेवला, उन्हात धरला. मग चष्मा कपाळावर ढकलला आणि पाईप डोळ्याशी नेला. बराच वेळ.

"हे लाल कसलं?"

"माझ्या हातून झालं, काका," दिपाली म्हणाली. "मी वळं काढलं आणि बैलांच्या साजाबरोबर घमेल्यात टाकलं. सगळं तांबं चढलं. चीरही उघडली होती. बाबांनी आणि मी ते पुन्हा चढवलं, तापवून. वरचं लाल काढलं. आतलं ठेवलं."

"ठेवलं, की निघालं नाही?" वकिलांनी विचारलं. प्रश्न कोर्टातला होता, आवाज नव्हता.

"निघालं असतं. वेल पण निघाली असती."

वकिलांनी वळं फिरवलं. पांढरी चांदी, तिच्यात लाल वेल, लाल बोंडं. यवतमाळच्या दुकानानं बुजवलेली ती दोन बोंडंसुद्धा आत कुठंतरी खोल होतीच. त्यांच्यातलं तांबं जाऊ शकलं नव्हतं, त्यामुळे ती आज दिसत होती. त्यांनी त्यांवर नख ठेवलं.

"ही दोन गेली असं मी धरून चाललो होतो," ते म्हणाले.

मग पाईप खाली घेत: "तिकडे हे पुन्हा काळं पडेल."

"पडेल."

"तिकडे कोण आहे?"

दिपालीनं विमलताईंकडे पाहिलं. विमलताईंचा काळा चष्मा आकाशाकडे होता, जणू हा विषय त्यांच्या कानावरच नव्हता.

"तुम्ही आहात नं," दिपाली म्हणाली. "बसा. दाखवते."

"मी?"

"कपाटात ठेवायचं नाही. सुकलं की सुटतं. रोज धरायचं हातात, हाताचा ओलावा त्याला पुरतो. फारच सैल वाटलं तर ओला कापूस बांधायचा. आणि ही साय." तिनं वाळलेली राख डबीत भरली होती, सोबत सरकी काढलेला कापूस. "बसा न, काका. बैल निघायला वेळ आहे."

वकील ओसरीच्या पायरीवर बसले. आयुष्यभर ज्या वळ्याचं कौतुक ऐकून घेतलं ते त्यांनी कधी स्वतः घासलं नव्हतं. त्यांनी कापूस घेतला, साय घेतली, आणि घासलं.

"आडवं नाही," दिपाली म्हणाली.

"बरं."

"दाबू नका. कापसाला काम करू द्या."

"बरं, बाई."

"जोर लावून राह्यले," विमलताई आकाशाकडे बघत म्हणाल्या. "आवाज येऊन राह्यला."

वकिलांनी हात हलका केला. आवाज थांबला.

तोरणाखाली झडत्या सुरू झाल्या होत्या. पोळ्याला माणसं एकमेकांची टिंगल करत गाणी म्हणतात त्या. किसनराव दरवर्षी एक वकिलांवर म्हणतात. या वर्षीची त्यांनी अंगणातच, बैलाच्या पाठीवर झूल टाकता टाकता, म्हणून दाखवली:

"पाईप साहेबाचा, चांदी माही,
त्याच्यात आग नाही, धूर बी नाही.
पाईप चालला पुण्याले, चांदी जाते संगं,
माह्या कमरेले सुतळी, सांगू कोणाले मंग?"

"उरलेलाही देऊन टाका, किसनराव," वकील मान वर न करता म्हणाले. "माझ्याकडे अजून पाईप आहेत."

"तुमाले घासता येईन तवा मांगा."

वकिलांनी कापूस बदलला. कुणी सांगायच्या आधी, काळा झाला तेव्हा. दिपालीनं ते पाहिलं. विमलताईंनाही बहुधा ऐकू आलं, कारण त्या बाजेवर जरा मागं रेलल्या आणि पाय लांब केले.